पाण्याखालचं प्रमाणपत्र आणि माजी सैनिकाचा हक्क

(परभणीत माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, गेल्या वेळी भाषण संपलं आणि मागच्या रांगेतून जिंतूरकडच्या एका हवालदारांनी विचारलं, "सर, ते स्कूबा डायव्हिंग म्हणतात, ते सरकारच्या खर्चानं शिकता येतं का? अमेरिकेतले फौजी शिकतात म्हणे." हशा पिकला. परभणीला समुद्र कुठं आहे, असंही कुणीतरी म्हणालं. मीही त्या दिवशी वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणूस चाळिशीच्या आसपास फौजेतून घरी येतो, अजून वीस वर्षं काम करायची धमक असते, आणि समोर बहुतेकदा एकच नोकरी येते: कुठल्या तरी दारातली खुर्ची आणि शिट्टी. दुसरं काही शिकायचं तर पैसा कुणाचा?

अमेरिकेचं आधी सांगतो, कारण हवालदारसाहेबांनी ऐकलेलं अर्धं खरं आहे. तिथं १९४४ साली माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा झाला, त्याला 'जीआय बिल' म्हणतात. युद्धावरून परतलेली लाखो पोरं कॉलेजात गेली. काही जणांनी त्याच पैशात नाच, फोटोग्राफी असले वर्गही लावले. तेव्हा १९४८ मध्ये त्यांच्या संसदेनं हौसेच्या आणि करमणुकीच्या कोर्सना पैसे देणं बंद केलं. आजच्या कायद्यातही तोच धागा आहे. पाण्याखाली वेल्डिंग शिकवणारी मान्यताप्राप्त शाळा असेल, डायव्हिंगचा प्रशिक्षक घडवणारा मंजूर कोर्स असेल, तर सरकार पैसे देतं. सुट्टीत मासे बघायला म्हणून पहिला कोर्स करायचा असेल, तर बहुधा नाही. म्हणजे तिथंही विचारतात ते एवढंच: ह्यातून रोजीरोटी मिळणार का?

आता आपल्याकडं या. एक मोठा फरक नीट समजून घ्या. अमेरिकन सैनिकाच्या हातात ठरावीक महिन्यांचा शिक्षणाचा हक्क असतो. तो मान्यताप्राप्त शाळा स्वतः निवडतो. आपल्याकडं हक्क माणसाच्या हातात नसून यादीच्या हातात आहे. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत पुनर्वसन महासंचालनालय आहे, ज्याला आपण डीजीआर म्हणतो. ते दरवर्षी कोर्सची यादी काढतं, संस्था ठरवतं, तारखा ठरवतं. जेसीओ आणि जवानांची फी पूर्ण सरकार भरतं. अधिकाऱ्यांची ६० टक्के सरकार, ४० टक्के स्वतः. पण यादीबाहेरचा कोर्स स्वतः करून पावती नेऊन दिली, तर ती पावती घरच्या ट्रंकेतच राहणार. ही चूक आपली माणसं हमखास करतात.

दुसरी चूक वेळेची. हे प्रशिक्षण मुळात निवृत्तीच्या आधी, अंगावर वर्दी असतानाच, युनिटमार्फत अर्ज करून घ्यायचं असतं. आपण काय करतो? पेन्शनचे कागद, घराचं बांधकाम, मुलीचं लग्न, सगळं उरकून दोन वर्षांनी विचारतो. नोकरीत असताना ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठीही योजना आहे, विधवा पत्नीला किंवा एका अवलंबिताला तिचा लाभ घेता येतो. पण निवडीला वाव कमी. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्या वर्षी काय चालू आहे ते विचारावं लागतं.

प्रधानमंत्री शिष्यवृत्तीचंही लोक विचारतात. ती मुलांना आणि विधवांना, तीही इंजिनिअरिंग, वैद्यकीय, बी.एड. अशा व्यावसायिक पदवीसाठी. मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५०० रुपये. स्कूबा तिच्यात बसत नाही, विषय संपला.

अग्निवीरांची गोष्ट आणखी वेगळी. २०२२ च्या योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्याच्याजवळ सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख असतील. ते कशावर खर्चायचे, हा निर्णय त्याचा एकट्याचा. म्हणून पुढचं त्यानं जास्त लक्ष देऊन ऐकावं.

समजा, कोर्स यादीत सापडला, किंवा पदरचे पैसे घालायची तयारी आहे. मग शिकायचं काय? महाराष्ट्रात त्यासाठी मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तिथं 'पाडी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीचं प्रशिक्षण मिळतं. आपल्याकडं पाडी म्हणजे गाईचं वासरू. ही पाडी वेगळी, १९६६ सालची, अमेरिकेतली. मालवणला पर्यटकांना अर्धा तास पाण्यात नेऊन फोटो काढून देतात, ते प्रमाणपत्र नव्हे, ती सहल. खरी पहिली पायरी 'ओपन वॉटर': सोबत्यासह १८ मीटरपर्यंत जायची परवानगी. पुढची ३० मीटरपर्यंत. मग बचावाचा कोर्स. आणि त्यानंतर 'डाइव्हमास्टर', जिथून पगाराची भाषा सुरू होते. ती पातळी सुरू करायला ४० बुड्या नोंदलेल्या लागतात, पूर्ण करायला ६०. प्रशिक्षक व्हायचं तर १००. तेव्हा चार दिवसांचं कार्ड दाखवून कोणी नोकरी देणार नाही. सरकारी पैसा मागायचाच, तर तो डाइव्हमास्टरपर्यंतच्या वाटेसाठी मागा. पहिल्या पायरीसाठी मागितलात, तर समोरचा साहेब ती हौसच समजणार, आणि त्याचं चुकणारही नाही.

हवालदारसाहेबांच्या मनात मात्र नोकरीपेक्षा दुसरंच काही होतं, हे मला नंतर कळलं. त्यांच्या गावाजवळ येलदरीचं पाणी. गंगाखेड, पाथरी, पालमला गोदावरी. सणावाराला, पोहायला म्हणून पोरं जातात आणि एखादं परत येत नाही. मग भोई मंडळींना बोलावतात, गळ टाकतात, बाई काठावर बसून राहते. त्यांना वाटलं, आपण शिकलो तर निदान शोधायला उतरू.

इथं मला स्पष्ट बोलावं लागेल. समुद्रातल्या निवळ पाण्याचं कार्ड घेऊन पुराच्या गोदावरीत उतरू नका. गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. काम दोरीनं आणि स्पर्शानं करावं लागतं. काठावर दोरी धरणारा माणूस बुडी मारणाऱ्याइतकाच कसलेला लागतो. धरणाच्या दाराजवळ पाण्याची ओढ अशी असते, की माणूस एकदा चिकटला की सुटत नाही. शिवाय येलदरी समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून उंच. ३०० मीटरच्या वर बुडी मारायची तर वर येण्याची गणितं बदलतात, ती वेगळी शिकावी लागतात. शोधकार्याची बुडी हे वेगळं शिक्षण आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करा, आणि एकट्यानं नव्हे, चार-पाच जणांचं पथक म्हणून करा.

प्रश्नोत्तरात एकानं विचारलं, वयाचं काय? वयाची वरची मर्यादा नाही, पण डॉक्टरची आहे. कान, दमा, हृदय, रक्तदाब. तोफखान्यातून आलेल्यांनी आधी कान दाखवून घ्या. पडद्याला छिद्र असेल तर कोर्स तिथंच थांबतो, आणि भरलेली फी परत मिळेलच असं नाही. आणि पावसाळ्यात समुद्रातल्या बुड्या बंद असतात, तेव्हा रजा दिवाळीनंतरची टाका.