एका यंत्रात अनेक यंत्रे

एका संगणकाच्या पोटात दुसरे दोन-तीन संगणक चालविता येतात, हे ऐकून श्रोत्यांपैकी काहींना हसू येईल. पण युक्ती जुनी आहे. आयबीएमने १९६० नंतरच्या दशकातच ती आपल्या अवाढव्य यंत्रांवर साधली होती. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हा भाग आला आणि तीच सोय परवान्याला पैसा न मोजता सर्वांना मिळाली. कामगारांच्या मुलांसाठी संगणकवर्ग चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना प्रश्न एवढाच, की यंत्र कोणते घ्यावे? दुकानदार सर्वांत महागडे दाखवितो. आम्ही म्हणतो, आधी हिशेब मांडा.

गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावातील एका खोलीत कितीतरी गडी राहत. दिवसपाळीचा उठून गेला, की त्याच जागी रातपाळीचा पथारी टाकी. प्रोसेसरचे असेच आहे; तो पाळीपाळीने सर्वांना पुरतो. पण प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक चोवीस तास खोलीतच असे, तिला पाळी नाही. रॅम ही या ट्रंकांची जागा होय. बचतीच्या काही युक्त्या आहेत, पण त्यांवर भिस्त ठेवू नये. खिडक्या-चित्रे दाखविणाऱ्या लिनक्स पाहुण्याला २ ते ४ गिगाबाइट द्यावी. विंडोज ११ ला तर कंपनीच्या अटीप्रमाणेच किमान ४ लागते. यजमानासाठी आणखी ३-४ राखावी. म्हणजे ८ त एक पाहुणा सुखाने राहतो, १६ त तिघे. रॅम अपुरी पडली, की यंत्र डिस्कवर सामान हलवू लागते आणि सारा कारभार मुंगीच्या चालीने चालतो.

प्रोसेसरची एकच अट मात्र कडक आहे. त्यात आभासी यंत्रांसाठीची खास सोय हवी. इंटेलने ती २००५ पासून आणि एएमडीने २००६ पासून देण्यास प्रारंभ केला, पण स्वस्तातल्या काही नमुन्यांतून ती वगळलेली असे. डिस्क फिरत्या तबकडीची नको, एसएसडी असावी. दर पाहुण्यास २०-२५ गिगाबाइट, विंडोज ११ ला ६४.

जुने यंत्र घेताना लिनक्सचा पेनड्राइव्ह बरोबर न्यावा आणि दुकानातच यंत्र त्यावर चालू करावे. ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘सीपीयूइन्फो’ फाइलीत ‘व्हीएमएक्स’ किंवा ‘एसव्हीएम’ हा शब्द शोधावा. तो न सापडल्यास, किंवा सापडूनही केव्हीएम चालत नसल्यास, बायोसमध्ये ती सोय बंद आहे काय ते पाहावे. नंतर रॅमची आणखी पट्टी बसविण्यास खाच मोकळी आहे ना, तेही झाकण उघडून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.