१:१०० ची शिस्त

ट्रेसिंग पेपर बोर्डावर चिकटवण्याआधी स्केल ठरवावं लागे. १:१०० म्हटलं की २३० मिलिमीटरची नऊ इंची भिंत कागदावर जेमतेम २.३ मिलिमीटर. तेवढ्यात गिलावा किंवा चौकटीची खाच दाखवायला जागाच उरत नाही. त्यामुळे त्या कागदावर विचार व्हायचा तो खोल्या कुठे, उजेड कुठून, जिना कुणीकडून चढतो, एवढ्याचाच. उंबरा आणि पायरीची कड यांची पाळी पुढे, १:२० च्या कागदावर.

शाईचं काम फार सावध. रोट्रिंगचं पेन सरळ उभं धरायचं आणि ओल्या रेघेवर हात पडू नये म्हणून वरून खाली, डावीकडून उजवीकडे सरकायचं. छेदात कापली गेलेली भिंत ०.५ च्या पेनने, फरशीच्या रेघा ०.१ ने. चुकलेली रेघ ब्लेडने हलकेच खरवडायची आणि ती जागा घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची शाई पसरते. एक रेघ पुसायला एवढे कष्ट पडत असल्यामुळे ती ओढण्यापूर्वी माणूस थांबत असे. मला तो थांबा फार मोलाचा वाटतो.

संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड १९८२ साली आलं. त्यात घर खऱ्या मापात काढतात, स्केल लागतं ते प्रिंट काढताना. माउसचं चाक फिरवलं की कडीकोयंडासुद्धा पडदाभर होतो. ऑफिसातल्या तरुण मुलामुलींच्या मागे उभा राहून मी पाहतो, घराचं प्रवेशद्वार अजून नक्की नसतं आणि न्हाणीघरातल्या टाइल्सचे सांधे जुळवणं चाललेलं असतं. मुलं मेहनती आहेत. पडद्यावर सगळंच सारखं मोठं दिसतं, म्हणून सारखंच महत्त्वाचं वाटतं.

संगणक नको, असं मी म्हणणार नाही. उंच इमारतीत एक कॉलम सरकला की प्रत्येक मजल्याचा नकाशा बदलतो. हाताने ते सगळे कागद पुन्हा काढण्यात माणसं झिजत असत. मुंबई-पुण्यात मंजुरीचे नकाशेही आता फाइलनेच जातात.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: प्लॅन अर्धवट असतानाच १:१०० मध्ये छापा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि मऊ पेन्सिलीने घर पुन्हा एकदा काढा. मग पडद्याकडे वळा.