कांदा मोठा केव्हा होतो?

गतवर्षी सामरवरणीस आमच्या परसात कांद्याचे दोन वाफे होते. बी एकच, माती एकच, शेणखतही एकाच ढिगातले. असे असूनही काढणी झाली तेव्हा एका वाफ्यातील कांदे मुठीत मावेनात, तर दुसऱ्यातील लिंबाएवढेच राहिले. नाशिककडील बाजारात अशा बारीक मालास चिंगळी म्हणतात. पावसाळ्याची बेगमी यंदा परसातील कांद्यावरच करावयाची, असे आईने योजिले होते. त्यामुळे ती चिंगळी पाहून घरात निराशा पसरली. दोन्ही वाफ्यांत भेद होता तो एवढाच की, पहिल्यातील रोपे डिसेंबरच्या मध्यास लावली होती, आणि दुसऱ्यातील, परीक्षा व पाहुणे यांच्या गडबडीत, जानेवारीच्या अखेरीस.

दीड महिन्याच्या दिरंगाईने एवढा फरक का पडावा, हे समजण्यासाठी कांदा उभा चिरून पाहावा. पुष्कळांची अशी समजूत असते की, जमिनीत वाढतो म्हणून कांदा हे मूळच होय. वस्तुतः खाली तळाशी जी कठीण चकती दिसते तेवढेच त्याचे खोड. मुळे तिच्या खालून फुटतात आणि पाने वरून. आपण जो कांदा खातो तो म्हणजे या पानांचे फुगलेले तळ होत. अगदी आतील काही पापुद्रे सोडले, तर प्रत्येक पापुद्र्याची एकेक हिरवी पात वर असते, किंवा होऊन गेलेली असते. म्हणजेच जितक्या पाती, तितके पापुद्रे. आणि जितकी पात भरदार, तितका पापुद्रा जाड. कांदा पोसू लागला की नवी पात येणे थांबते. तेव्हा कांद्याचा आकार कांदा दिसू लागण्यापूर्वीच बव्हंशी ठरून गेलेला असतो!

मग कांदा पोसू लागण्याची वेळ कोण ठरवितो? ती ठरविते दिनमान. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ही वाढ २२ डिसेंबरच्या सुमारासच सुरू होते. सामरवरणी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे. येथे डिसेंबरअखेर दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांचा होतो. आपल्याकडील जातींना एवढा दिवस पुरतो. दिवस वाढू लागले व त्यांना उन्हाची जोड मिळाली की रोप पात काढण्याचे थांबवून कांदा भरू लागते. त्या वेळी त्याच्यापाशी भरघोस पाती असोत वा चारच असोत, ते थांबत नाही. आमच्या दुसऱ्या वाफ्यातील रोपे अशीच अपुऱ्या पातींनिशी उन्हाळ्यात सापडली होती.

इंग्लंडमध्ये हॅरोगेटच्या प्रदर्शनात २०२३ साली जवळजवळ ९ किलोग्रॅम वजनाचा कांदा ठेवण्यात आला होता. तसले बी मागवून येथे लावावे, असा मोह कोणास होईल. पण तो टाळावा हे बरे. त्या उत्तरेकडील जातींना १४ तासांहून मोठा दिवस हवा असतो, आणि आपला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. अशा बियांची पात खुशाल वाढेल, पण कांदा भरणार नाही. त्यापेक्षा पिंपळगाव बसवंत येथे निवडलेला एन-२-४-१, अथवा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण व भीमा शक्ती हे रब्बी वाण घ्यावेत. बी मात्र ताजे असावे. वर्षभरातच त्याची उगवणशक्ती घटते.

आपला मुलूख भाताचा, येथे कांदा कसला यायचा, असे काही जण म्हणतात. त्यांनी अलिबागकडे पाहावे. तेथेही पाऊस उदंड आणि जमीन भाताचीच. भात निघाल्यावर त्याच शेतात पांढरा कांदा लावतात. या कांद्यास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी गादीवाफ्यावर बी पेरावे आणि सहा-सात आठवड्यांची रोपे डिसेंबरात लावावीत. त्याहून फार आधी घाई करणेही बरे नव्हे, कारण थोराड झालेले रोप थंडीत सापडले की कांद्याऐवजी फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा, काढते. दोन ओळींत १५ सेंटिमीटर व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरात साधारण ६६ रोपे बसतात. दाटी केल्यास कांदा बारीक राहतो. पण मोठ्या कांद्याच्या हव्यासाने जागा फारच सोडली तर जोडकांदे वाढतात.

कांद्याची मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरतात. त्यामुळे पाणी थोडथोडे पण नियमित द्यावे, आणि तण खुरप्याने हलक्या हाताने काढावे. युरियाची मूठ उशिरापर्यंत टाकीत राहण्याची खोड मात्र अनेकांना असते. लागणीनंतर दोन महिन्यांनी नत्र दिले तर पात माजते, मान जाड राहते आणि कांदा साठवणीत सडतो. खत द्यावयाचे ते पात वाढत असतानाच द्यावे.

निम्म्या रोपांच्या माना पडल्या की काढणीची वेळ झाली असे समजावे. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. काढलेला कांदा पातीसह तीन-चार दिवस वाफ्यातच ठेवावा, एका कांद्याची पात दुसऱ्यावर येईल असा, म्हणजे ऊन लागत नाही. पुढे सावलीत दहा-बारा दिवस सुकवावा. फार मोठे कांदे आधी खाऊन टाकावेत, कारण मध्यम कांदाच अधिक टिकतो. आमच्या पहिल्या वाफ्यातील मध्यम कांद्यांच्या आईने माळा करून पडवीत टांगल्या होत्या. त्यांतील शेवटचा कांदा आषाढात चिरला. चिंगळी मात्र वैशाखातच भरल्या भाजीत संपली. यंदा दोन्ही वाफ्यांची लागण डिसेंबरातच उरकली आहे.