आधी कुशन, मग उडी

पूलच्या टेबलावर पांढरा बॉल आणि मारायचा बॉल यांच्या मधे तिसराच बॉल येऊन बसला, की खेळाडूपुढे मुख्यतः दोन वाटा उरतात. जंप शॉटमध्ये पांढरा बॉल त्या अडथळ्यावरून उडवायचा. किक शॉटमध्ये तो आधी कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारून वळसा घालत लक्ष्यावर आणायचा. उडी डोळे दिपवते, म्हणून नवशिके आधी तिच्यामागे लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. बीड, परळी, अंबाजोगाईत कॅरम खेळत वाढलेल्या मुलाची किक शॉटची अर्धी तयारी घरीच झालेली असते. वाट अडली की स्ट्रायकर समोरच्या कडेवर मारून रिबाउंडने सोंगटी काढायची, हे त्याच्या हाताला ठाऊक असते.

किक शॉट म्हणजे अंदाजपंचे मारलेला फटका, हा आक्षेप टिकत नाही. पूलच्या लांब कुशनचे खुणांनी आठ समान भाग पाडलेले असतात. कोपऱ्यातल्या पॉकेटजवळचा बॉल समोरच्या लांब कुशनच्या दुसऱ्या खुणेकडे मारला, तर तो परतून आपल्या बाजूच्या चौथ्या खुणेशी, म्हणजे मधल्या पॉकेटाकडे येतो. हिशेब निम्म्याचा आहे. जोरात मारलेला बॉल कुशनमध्ये रुतून आखूड कोनात परततो, फिरकीनेही वाट बदलते; पण हे फरक सरावाने मोजता येतात.

जंप शॉटला मात्र जागा लागते. क्यूचे, म्हणजे खेळायच्या काठीचे, टोक बॉलखाली घालून तो उचलणे हा फाउल आहे. क्यूची मागची बाजू उंच धरून वरून ठोका द्यावा लागतो. बॉल कापडाखालच्या दगडी पाटावर दाबला जाऊन उसळतो. त्याचा व्यास साधारण 57 मिलिमीटर. अडथळा पांढऱ्या बॉलला खेटून असेल तर उसळायला वाव नाही, लक्ष्याला खेटून असेल तर उतरायला नाही. उसळता बॉल टेबलाबाहेर गेला की फाउल होतो आणि नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात प्रतिस्पर्ध्याला पांढरा बॉल हवा तिथे ठेवता येतो. शिवाय वरून बसणाऱ्या ठोक्यांनी कापड खराब होते.

आता जंपच्या बाजूचा खरा मुद्दा. अडथळ्याची फक्त कड आड येत असेल आणि दोन्हीकडे मोकळी जागा असेल, तर सरळ रेषेतली उडी बॉल पॉकेटात घालण्याची जास्त संधी देते. आखूड, हलक्या जंप क्यूमुळे ती सोपीही झाली आहे. म्हणून ती शिकायलाच हवी, पण नंतर. 1875 साली जबलपूरला जन्मलेल्या स्नूकरमध्ये अडथळ्यावरून उडी मारणे फाउल ठरते, तिथे सुटका बहुतेक वेळा कुशननेच होते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले आणि स्नूकरचे राष्ट्रीय विजेतेही ठरले. त्यांच्या पिढीचे कसब उडीशिवाय घडले. पूलमध्ये जंपची मुभा असूनही फिलिपाइन्सचे एफ्रेन रेयेस, 1999 चे नाइन-बॉल जगज्जेते, ओळखले जातात ते किक शॉटसाठीच. उडी एक अडथळा ओलांडायला शिकवते, तर किक अख्खे टेबल वाचायला शिकवते. ज्याला टेबल वाचता येते, त्यालाच उडी कधी टाळावी हे कळते.