आनंद, गेल्फंड आणि जुने जगज्जेते: मोठा कोण?

2012 च्या मे महिन्यात मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयात बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना झाला. एका बाजूला आपला विश्वनाथन आनंद, दुसऱ्या बाजूला आपलाच बोरिस गेल्फंड, मिन्स्कमध्ये जन्मलेला आणि 1998 साली आलिया करून इस्रायलला आलेला. आपल्या लोकांनी कोणाची बाजू घ्यावी? मोठाच पेच!

जाणकार म्हणत होते, आनंद सहज जिंकेल. तेव्हा आनंदचे रेटिंग 2791 होते, गेल्फंडचे 2727. म्हणजे 64 गुणांचा फरक. हिशेबाप्रमाणे एवढा फरक असला की वरचा खेळाडू 12 डावांत साधारण 7 गुण मिळवतो. प्रत्यक्षात काय झाले? सातवा डाव गेल्फंडने जिंकला. आठव्यात आनंदने त्याला अवघ्या 17 चालींत हरवले. बाकीचे दहा डाव बरोबरीत. सहा-सहा! शेवटी जलद डावांवर निकाल लागला आणि आनंदने अडीच विरुद्ध दीड असा मुकुट राखला.

कोणता जगज्जेता सर्वांत मोठा, या वादात लोक प्रथम रेटिंगच पुढे करतात. 1972 साली बॉबी फिशरचे रेटिंग 2785 होते, 2014 मध्ये मॅग्नस कार्लसनचे 2882 झाले. म्हणून कार्लसन फिशरपेक्षा मोठा? वाचकहो, रेटिंग म्हणजे कापड मोजायचा गज नव्हे. त्या काळच्या बाकीच्या खेळाडूंपेक्षा हा किती पुढे आहे, एवढेच ते सांगते. फिशर तेव्हाच्या जगज्जेत्या स्पास्कीपेक्षा 125 गुणांनी पुढे होता. कार्लसनला आपल्या काळात दुसऱ्या क्रमांकापासून एवढे अंतर कधी मिळाले नाही. शिवाय कार्लसनची पिढी संगणकाजवळ बसून शिकली. फिशर पुस्तके आणि मासिके वाचून शिकला, रशियन मासिकांसाठी त्याने ती भाषाही आत्मसात केली.

मग सामन्यांवरून ठरवावे काय? तिथेही नियम आडवे येतात. 1984 साली कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्या सामन्यात जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, असा नियम होता. नऊ डावांनंतर कार्पोव्ह चार-शून्य पुढे होता. आजच्यासारखा छोटा सामना असता तर कास्पारोव्ह तेव्हाच संपला असता. पण 48 डाव झाले, पाच महिने गेले, आणि पाच-शून्य असा मागे पडलेला तो तरुण पाच-तीनपर्यंत येऊन पोहोचला. तेव्हा सामना मध्येच थांबवण्यात आला. पुढच्या वर्षी 24 डावांचा नवा सामना झाला आणि तो कास्पारोव्हने जिंकला. म्हणून माझ्या मते छोट्या सामन्यात त्या महिन्यात कोण ताजातवाना आहे हे कळते, कोण मोठा हे फारसे कळत नाही.

आणि इमानुएल लास्कर! बर्लिनखेन गावच्या सिनेगॉगमधील हझानचा हा मुलगा 1894 पासून 1921 पर्यंत, तब्बल 27 वर्षे जगज्जेता होता. एवढा काळ दुसऱ्या कोणालाच जमला नाही. पण आव्हान केव्हा आणि किती पैशांत स्वीकारायचे हे तेव्हा जगज्जेताच ठरवी, आणि लास्कर पैशाच्या बाबतीत फार चिकट. 1897 नंतर थेट 1907 पर्यंत आणि 1910 नंतर 1921 पर्यंत त्याने मुकुट पणाला लावलाच नाही. म्हणजे 27 पैकी वीसएक वर्षे सामन्यावाचून गेली. 1921 साली हवानाला कापाब्लांकाने त्याला हरवले तेव्हा लास्करला एकही डाव जिंकता आला नाही.

एवढे असूनही मी लास्करला अगदी वरच्या रांगेत बसवतो, ते 27 वर्षांसाठी नव्हे. 1933 साली हिटलर सत्तेवर आल्यावर त्याला घरदार सोडून जर्मनीबाहेर पडावे लागले. पोटासाठी त्याने पुन्हा पट मांडला. 1935 साली मॉस्कोच्या स्पर्धेत वीस खेळाडू होते. लास्कर 66 वर्षांचा, तर बॉत्विनिक 23 वर्षांचा. बॉत्विनिक आणि फ्लोर 13 गुणांनी पहिले आले. लास्कर त्यांच्या मागे फक्त अर्ध्या गुणाने तिसरा. एकोणीस डावांत एकही हार नाही, आणि कापाब्लांकाला त्याने या स्पर्धेत हरवले.