फूल की दोन पाने? : १९६७च्या कौलाविषयीचे गैरसमज

‘गोव्याने महाराष्ट्रात जायला नकार दिला’ हे वाक्य खरे आहे. ‘सगळ्या गोंयकारांनी एकमुखाने नकार दिला’ हे मात्र साफ खोटे, आणि उत्तर गोव्यातल्या पेडणे-डिचोली तालुक्यांच्या माणसांवर अन्याय करणारे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांच्या निशाणीला, म्हणजे संघप्रदेश राहण्याला, १,७२,१९१ मते पडली. फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. पेडणे, डिचोली, सत्तरी या पट्ट्याने कौल दिला तो फुलाला.

गैरसमज: ही हिंदू विरुद्ध ख्रिस्ती अशी लढत होती.

आकडेच याला उत्तर देतात. त्या काळीही गोव्यात हिंदू निम्म्याहून बरेच अधिक होते. सगळे हिंदू फुलाकडे गेले असते तर फूल सहज जिंकले असते. प्रत्यक्षात त्याला शंभरातली ४३-४४ मतेच मिळाली. ख्रिस्ती समाज बहुतांशी दोन पानांकडे होता, पण युनायटेड गोवन्स पक्षाच्या डॉ. जॅक सिक्वेरांच्या जोडीला विलीनीकरणाविरुद्ध पुरुषोत्तम काकोडकर, रवींद्र केळेकर, उदय भेंब्रे हेही उभे होते. भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर ‘राष्ट्रमत’मध्ये येई, आणि ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक. मराठी वाचणारा, मराठीत लिहिणारा माणूस विलीनीकरणवादीच असला पाहिजे, हे गृहीतक तिथेच कोसळते.

गैरसमज: पेडणे-डिचोलीचे लोक अडाणी होते, त्यांना कोणीतरी फसवले.

हा समज मला सर्वांत जास्त सलतो. तिसवाडी, बार्देश, साष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे त्यांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या शेवटी. म्हणूनच यांना नव्या काबिजादी म्हणतात. तोवर इथला कारभार, देवस्थाने, सोयरिकी सगळे सावंतवाडीकडच्या मुलखाशी जोडलेले. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. दशावतार, भजन, कीर्तन, मराठी शाळा ही या माणसांची रोजची दुनिया. घरात कोंकणी बोलायची आणि पोथी मराठीत वाचायची, यात त्यांना विसंगती कधी वाटली नाही. त्यात कुळांचा प्रश्न होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर राबणाऱ्याला महाराष्ट्रातले कूळकायदे जवळचे वाटले, तर तो त्याचा सरळ हिशेब होता. त्या हिशेबाशी मतभेद असू शकतो. त्याला अडाणीपणा म्हणणे बरोबर नाही.

गैरसमज: फूल हरले, म्हणजे भाऊसाहेबही हरले.

मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांनी कौलाआधी राजीनामा दिला होता, आपल्या सरकारच्या दडपणाखाली मतदान झाले असे कोणी म्हणू नये म्हणून. कौल विरुद्ध गेला. दोनेक महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. १९६३ मध्ये याच पक्षाला निवडून दिले तेव्हा ‘गोव्याने विलीनीकरण मान्य केले’ असा अर्थ काढला गेला होता. तो अर्थ घाईचा होता. बांदोडकरांना मत देणाऱ्या सगळ्यांना विलीनीकरण हवेच होते असे नाही, आणि नेमका तो प्रश्न वेगळा विचारला म्हणूनच हे कळले.

आता खरी अवघड गोष्ट. पेडणे-डिचोलीचे बहुमत फुलाला होते, तर त्यांच्या संमतीचे काय? आयर्लंडमध्ये हाच प्रश्न रक्त सांडूनही सुटेना. १९१८च्या निवडणुकीत तिथल्या १०५पैकी ७३ जागा स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने जिंकल्या. अख्खे बेट एकक धरले तर बहुमत स्वातंत्र्याचे. उत्तरेचे सहा परगणे वेगळे काढले तर तिथले बहुमत ब्रिटनसोबत राहण्याचे. १९२०च्या कायद्याने हे सहा परगणे वेगळे केले, आणि त्यांत टायरोन व फर्मॅना हे राष्ट्रवादी बहुमताचे परगणेही न विचारता ओढले गेले. उत्तर आयर्लंडचे स्थान तिथल्या बहुमताच्या संमतीशिवाय बदलायचे नाही, या तत्त्वाला सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मतदारांनी मान्यता दिली ती २२ मे १९९८ रोजी.

पेडणे म्हणजे टायरोन नव्हे. तिथे बहुमत साधेल अशी रेघ नव्याने आखली. इथली हद्द जुनी होती, आणि इथे प्रत्येकाला विचारले तरी गेले. पण मते कोणत्या एककात मोजायची, हे दोन्हीकडे मतदारांनी ठरवले नव्हते. इथे ते दिल्लीने ठरवले. दमण आणि दीवसमोर महाराष्ट्राऐवजी गुजरातचा पर्याय ठेवला. गोवा मात्र अख्खा एक धरला. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण तालुक्या-तालुक्याने मोजले असते तर गोव्याचेच तुकडे पडले असते. तरी फुलाला मत दिलेल्या पेडणेकराने त्याची किंमत मोजली, हे नाकारता कामा नये.

गैरसमज: त्या दिवशी गोव्याने स्वतंत्र राज्य निवडले.

तसा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. महाराष्ट्र किंवा संघप्रदेश, एवढेच दोन. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले ते संसदेच्या कायद्याने; त्यासाठी मतदान झाले नाही.