लेखांक ९ : स्कीमातले निर्बंध आणि यंत्राने लिहिलेला कोड

मागील लेखांकात वेब सेवेचे वर्णन करणाऱ्या डब्ल्यूएसडीएल दस्तऐवजाची रचना पाहिली. त्या दस्तऐवजात संदेशातील प्रत्येक घटकाचा प्रकार एक्सएमएल स्कीमा या भाषेत सांगितलेला असतो, आणि वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने मे २००१ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या या भाषेचे खरे बळ तिच्या निर्बंधांत आहे. एखादा मूळ प्रकार, उदाहरणार्थ अक्षरमाला म्हणजे स्ट्रिंग, घेऊन त्याच्या ग्राह्य मूल्यांचा संच अरुंद करत नेणे म्हणजे निर्बंध घालणे होय. ज्या अटींनी हे साधते, म्हणजे कमाल लांबी, मूल्यांची ठरावीक यादी, अक्षरांचा नमुना म्हणजे पॅटर्न इत्यादी, त्यांना स्कीमाच्या परिभाषेत फॅसेट म्हणतात.

भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केलेला पिनकोड हे याचे सोयीचे उदाहरण आहे. तो सहा अंकी असतो आणि शून्याने सुरू होत नाही, एवढी अट स्कीमात एका ओळीच्या पॅटर्नने मांडता येते. मात्र हाच स्कीमा जाव्हाच्या जॅक्सबी या व्यवस्थेतील एक्सजेसी या साधनाला दिला, की तयार होणाऱ्या क्लासमध्ये पिनकोड हे केवळ एक साधे स्ट्रिंग क्षेत्र उरते. अट घटकाच्या आतच लिहिलेली असेल, तर ती क्लासच्या वरच्या टिपणीत स्कीमाचा उतारा म्हणून जशीच्या तशी छापलेली दिसते. पण टिपण्या कंपायलर वाचत नाही, त्यामुळे त्या क्षेत्रात रिकामी स्ट्रिंग किंवा एखाद्या गावाचे नाव भरले तरी कोणी अडवत नाही. डॉट नेटमधील एक्सएसडी हे साधनही पॅटर्न आणि लांबी यांच्या अटी अशाच गाळते.

हा साधनांचा निष्काळजीपणा नव्हे. स्कीमातील प्रकार मूल्ये कमी करून नवा प्रकार घडवतो, तर वस्तुनिष्ठ भाषांतील वारसा मूळ क्लासमध्ये भर घालून नवा क्लास घडवतो. त्यातही जाव्हातील स्ट्रिंग हा क्लास वारशासाठी बंदच ठेवलेला असल्याने ‘सहा अंकांचीच स्ट्रिंग’ असा उपप्रकार काढायला जागाच उरत नाही. अर्थात काही अटी टिकतात. पूर्णांकाला दोन्ही बाजूंच्या मर्यादा असतील तर एक्सजेसी त्या पाहून लहान किंवा मोठा अंकप्रकार निवडते, आणि स्ट्रिंग-मूल्यांची यादी असेल तर इनम, म्हणजे मोजक्या नामांकित मूल्यांचा प्रकार, तयार करते. परंतु यादी २५६ मूल्यांपेक्षा लांबली, तर मूळ मर्यादेनुसार पुन्हा साधी स्ट्रिंगच पदरात पडते.

मग गळलेल्या अटी हाताने लिहून काढाव्यात, हा विचार स्वाभाविक असला तरी धोक्याचा आहे. स्कीमाच्या पॅटर्नमध्ये ‘कोणताही अंक’ सांगणारे संक्षिप्त चिन्ह युनिकोडमधील सर्व लिप्यांचे दशमान अंक मान्य करते, म्हणजे देवनागरीत लिहिलेला ‘४११०३०’ हा पिनकोड तेथे ग्राह्य ठरतो; तेच चिन्ह जाव्हात मात्र, वेगळे सांगितले नसेल तर, फक्त इंग्रजी अंक ओळखते. शिवाय स्कीमाचा पॅटर्न संपूर्ण मूल्याला लागू होतो, तर डॉट नेटमधील नेहमीची तपासणी मूल्यात कोठेही जुळणी सापडली की समाधान मानते, आणि आठ अंकांची स्ट्रिंगही सहा अंकांच्या अटीतून सहज पार पडते. लांबीची गोष्ट मराठी मजकुरासाठी आणखी महत्त्वाची आहे. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा वाटतो, पण मात्रा आणि जोडाक्षरांतील हलन्तचिन्हे स्वतंत्र मोजणाऱ्या स्कीमाच्या हिशेबाने त्याची लांबी १० भरते आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना त्याला ३० बाइट लागतात. नावासाठी २० ही मर्यादा ठरवणाऱ्याने यांपैकी काय मोजायचे आहे हे आधी ठरवले नाही, तर मराठी नावे अर्धवट कापली जातात, आणि माणसाच्या नावाच्या बाबतीत ही चूक क्षम्य मानता येत नाही.

म्हणून अट जेथे लिहिली आहे तेथूनच ती राबवणे हा योग्य मार्ग ठरतो. जॅक्सबीमध्ये वस्तूचे एक्सएमएलमध्ये रूपांतर करणाऱ्या मार्शलरला आणि उलट काम करणाऱ्या अनमार्शलरला स्कीमा जोडता येतो. तो न जोडल्यास स्कीमाप्रमाणे तपासणी होतच नाही, याची अनेकांना कल्पना नसते. स्कीमाची वस्तू एकदाच तयार करून सर्व धाग्यांत वाटून घेता येते, तपासनीस वस्तू मात्र प्रत्येक धाग्याला स्वतंत्र हवी. यंत्राने लिहिलेल्या फाइलमध्ये हाताने बदल करणे टाळावेच, कारण सेवेचे वर्णन बदलून कोड पुन्हा तयार झाला की ते बदल पुसले जातात.

इनमच्या बाबतीत एक सावधगिरी वेगळी सांगायला हवी. सेवा देणाऱ्याने यादीत नवे मूल्य वाढवले आणि ग्राहकाकडे जुनाच कोड राहिला, तर डॉट नेटचा एक्सएमएल सीरियलायझर अपवाद फेकून थांबतो, तर स्कीमा न जोडलेला जॅक्सबी त्या क्षेत्रात नल, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवून पुढे जातो. नोंद कोरी होती की मूल्य अनोळखी होते, हे नंतर त्या वस्तूकडे पाहून कळत नाही. त्यासाठी मूळ संदेशच जपून ठेवलेला असावा लागतो.